किरणोपचार : रोग्याच्या वाट्यास काय येतें

कर्करोग हें नांव अद्यापि पुष्कळ घरांत मोठ्यानें उच्चारलें जात नाहीं. "बाबांना मुंबईस न्यावयाचें आहे" एवढेंच मुलाच्या कानीं येतें, आणि पुढील दीड-दोन महिने तें मूल आजीकडे अथवा मावशीकडे राहून शाळेस येत राहतें. तिकडे काय चाललें आहे हें त्यास कोणी सांगत नाहीं. कारण बहुधा वडील माणसांसहि तें पुरतें ठाऊक नसतें, आणि जें ठाऊक नसतें त्याचीच भीति अधिक वाटते. या रोगावरील उपायांचे ढोबळ मानानें तीन वर्ग पडतात : शस्त्रक्रिया, औषधें आणि किरणोपचार. पहिल्या दोहोंची कल्पना सर्वांस असते. तिसरा मात्र डोळ्यांस दिसत नाहीं, हातास लागत नाहीं, त्यास चव नाहीं कीं वास नाहीं. आणि तरीहि कर्करोगाच्या सुमारें निम्म्या रोग्यांस केव्हां ना केव्हां त्याचा आश्रय करावा लागतो. त्याचीच माहिती येथें द्यावयाची आहे.

आपल्याकडे बोलण्यांत या उपचारास 'शेक' म्हणतात. कोणी 'लाइट देणें' असेंहि म्हणतात. हा 'शेक' शब्द मोठा फसवा आहे. शेकणें म्हटलें कीं विस्तव, तापलेली वीट, पोळणें हें सर्व मनासमोर उभें राहतें, आणि रोगी पहिल्या दिवशीं भाजले जाण्याच्या तयारीनेंच आंत जातो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं येथें एक लहानसें गणित करून पाहावें. किरणांची मात्रा 'ग्रे' या मापानें मोजतात. एक ग्रे म्हणजे दर किलोग्रॅम शरीरामागें एक ज्यूल ऊर्जा. रोजची नेहमींची मात्रा २ ग्रे असते. एक किलोग्रॅम पाण्याचें उष्णमान एका अंशानें वाढविण्यास सुमारें ४,१८६ ज्यूल लागतात; तेव्हां २ ज्यूलांनीं तें एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकेंच वाढेल. ऊन चहाचा एक घोट याहून कितीतरी अधिक उष्णता पोटांत नेतो. मग हे किरण रोग मारतात ते उष्णतेनें नव्हे, हें उघड झालें.

ते मारतात ते पेशीच्या मर्मस्थानीं. प्रत्येक पेशीच्या केंद्रांत तिच्या वाढीची व विभागणीची सर्व माहिती धारण करणारा डीएनए नांवाचा दुपदरी धागा असतो. किरण त्यावर पडले म्हणजे तो ठिकठिकाणीं तुटतो. निरोगी पेशीपाशीं हा धागा सांधण्याची चांगली शक्ति असते; कर्कपेशीची ही शक्ति बहुधा उणी असते. धागा तुटलेली पेशी तत्काळ मरत नाहीं. ती विभागूं पाहते, तेव्हां मरते. म्हणून आज किरण दिले आणि उद्यां गांठ विरघळली असें होत नाहीं. गांठ आठवडे लोटतां लोटतां, उपचार संपल्यावरहि, हळूहळू आक्रसत जाते.

हा उपाय कसा सुचला तेंहि जाणण्यासारखें आहे. जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें विल्हेल्म राँटगेन यांनीं इ.स. १८९५ च्या नोव्हेंबरच्या ८ तारखेस क्ष-किरण शोधून काढले, इ.स. १८९८ मध्यें पॅरिस येथें मेरी व पियेर क्युरी या दांपत्यास रेडिअमचा शोध लागला. दोहोंचाहि प्रयोग लवकरच गांठींवर होऊं लागला. आरंभीं पुष्कळांस वाटे कीं एकदांच मोठी मात्रा देऊन रोगाचा निकाल लावावा. परंतु त्यानें गांठीबरोबर भोंवतालची त्वचा व मांस हींहि नष्ट होत. पॅरिस येथें क्लॉडियस रगो यांनीं एडक्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, जी मात्रा एकाच वेळीं दिली असतां वरची त्वचा जळून जाते, तीच अनेक दिवसांत विभागून दिली तर आंतील झपाट्यानें वाढणाऱ्या पेशी मरतात आणि त्वचा वांचते. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनीं हीच रीति घशाच्या कर्करोगाच्या रोग्यांस लावली, आणि आज जगभर चालणारी आठवड्यांची पद्धति त्यांतूनच निघाली. "एकदांच काय तें जोरानें देऊन मोकळें कां करीत नाहींत?" असें रोग्याचे नातलग वारंवार विचारतात. त्याचें उत्तर त्या एडक्यांनीं दिलेलें आहे. दोन मात्रांमधील रात्र ही निरोगी पेशींस आपली डागडुजी करण्यासाठीं दिलेली सवड होय.

यंत्रांविषयीं दोन शब्द पुरे होतील. एक जात कोबाल्ट यंत्राची, कॅनडांत इ.स. १९५१ मध्यें तिचा उपयोग प्रथम झाला. तिच्यांत कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातु असतो. सुमारें सव्वापांच वर्षांत त्याचें बळ निम्म्यावर येतें, आणि म्हणून जसजसा तो जुना होतो तसतसा रोग्यास टेबलावर अधिक वेळ पडून राहावें लागतें. आपल्या देशांत भाभा अणुसंशोधन केंद्रानें या जातीचें 'भाभाट्रॉन' नांवाचें यंत्र तयार केलें आहे. दुसरी जात विजेवर चालणाऱ्या त्वरकयंत्राची, जिला रुग्णालयांत 'लिनॅक' म्हणतात. हिच्यांत किरणोत्सर्गी पदार्थ मुळींच नसतो, आणि बटन बंद केलें कीं किरणहि बंद होतात. तिचे प्रबळ किरण आपली बहुतेक शक्ति त्वचेवर न टाकतां आंत नेतात. जुन्या यंत्रांच्या काळीं कातडीची जी होरपळ होत असे ती आतां पुष्कळ कमी झाली आहे, तिचें कारण हेंच.

आतां प्रत्यक्ष रोग्याकडे वळूं. समजा, सातारा जिल्ह्यांतील एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत. तंबाखू-चुना गालांत धरण्याची त्यांस वीस-पंचवीस वर्षांची संवय. आपल्या देशांतील पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो आणि त्याचें प्रमुख कारण हेंच व्यसन आहे. म्हणून हें उदाहरण मुद्दाम घेतलें. शस्त्रवैद्यांनीं गालांतील गांठ काढिली, जखम भरून आली, आणि आतां किरणोपचार घ्यावे असें सांगितलें. गृहस्थांस पडणारा पहिला प्रश्न हा कीं, गांठ तर गेली, मग हें कशास? उत्तर असें कीं, डोळ्यांस व सूक्ष्मदर्शकास चुकवून मागें राहिलेल्या पेशी शस्त्रानें वेंचतां येत नाहींत, त्या किरणांनीं मारावयाच्या असतात. अशा प्रसंगीं सामान्यतः रोज २ ग्रे याप्रमाणें ३० मात्रा, एकूण ६० ग्रे, सोमवार ते शुक्रवार असे सहा आठवडे देतात. शस्त्रक्रियेनंतर सुमारें सहा आठवड्यांच्या आंत आरंभ व्हावा अशी वैद्यांची इच्छा असते. "शेतीचीं कामें आटोपून दिवाळीनंतर जाऊं" हा विचार येथें घातक ठरतो.

प्रथम दंतवैद्याकडे पाठवितात. किडलेले दांत आधींच काढून जखमा भरूं द्याव्या लागतात. यांत उगाच वेळ जातो असें वाटतें खरें, पण त्याचें महत्त्व शेवटीं कळेल. नंतर मुखवटा. ऊन पाण्यांत मऊ केलेलें जाळीदार प्लास्टिक चेहऱ्यावर ओढून बसवितात. कांहीं मिनिटांत तें चेहऱ्याच्या आकाराचें होऊन घट्ट होतें. जाळींतून श्वास व्यवस्थित घेतां येतो. हा मुखवटा टेबलास अडकवितात, म्हणजे मान रोज तंतोतंत त्याच जागीं राहते. बंदिस्त वाटून कित्येकांचा जीव घाबरतो. ज्यांस तसें होत असेल त्यांनीं तें लाज न धरितां सांगावें. थोडें थोडें करून संवय लावितां येते, आणि जरूर तर सौम्य औषधहि देतात. मुखवटा घालूनच सीटी स्कॅन काढितात. त्या चित्रांवर वैद्य व भौतिकशास्त्रज्ञ मिळून आंखणी करितात : किरण कोठून सोडावयाचे, लाळेच्या ग्रंथी, पाठीचा कणा, डोळा यांस कसें वांचवावयाचें. या आंखणीस कित्येक दिवस लागतात. बाहेर बसलेल्या नातलगांस तो काळ निष्कारण दिरंगाईचा वाटतो; वस्तुतः साऱ्या उपचाराचा कस त्याच दिवसांत लागत असतो.

पहिला दिवस. जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली, मधोमध टेबल, भोंवतीं फिरणारा यंत्राचा मोठा हात. तंत्रज्ञ मुखवटा बसवितात, खुणा जुळवितात आणि बाहेर जातात. रोगी एकटा राहतो, परंतु कॅमेऱ्यांतून त्याजवर सतत नजर असते. हात वर केला कीं यंत्र थांबवितात. यंत्राची घरघर ऐकूं येते. कांहीं दुखत नाहीं, पोळत नाहीं, टोंचत नाहीं. सर्व मिळून दहा-पंधरा मिनिटें. त्यांत प्रत्यक्ष किरण थोडींच मिनिटें सुटतात. मुखवटा काढल्यावर गालांवर जाळीची नक्षी उमटलेली असते, ती थोड्या वेळांत जाते. गृहस्थ हंसत बाहेर येतात व म्हणतात, "हें तर कांहींच नाहीं!"

खरी परीक्षा पुढेंच आहे, आणि या लेखांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. पहिले दोन आठवडे बहुधा सुखानें जातात. फार तर अन्नाची चव बदलते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंडाच्या आंतील अस्तर लाल होऊन सोलवटूं लागतें, लाळ चिकट व कमी होते, गालाची त्वचा काळवंडते, त्या भागांतील दाढीचे केंस गळतात. चौथ्या-पांचव्या आठवड्यांत गिळणें दुखूं लागतें. भाकरी सुटते, मग भात सुटतो, शेवटीं पेज व दूध राहतें. थकवा असा येतो कीं झोंपेनेंहि जात नाहीं. सहाव्या आठवड्याच्या अखेरीस उपचार संपतो, घरचे पेढे आणतात, आणि त्यानंतरचे दहा-पंधरा दिवस सर्वांत वाईट जातात. कारण किरणांचें काम यंत्र थांबलें म्हणून थांबत नाहीं. मग मात्र उतार पडूं लागतो. महिना-दोन महिन्यांत तोंड बहुतेक भरून येतें, चव कित्येक महिन्यांनीं परतते.

हा क्रम ज्यास आधीं सांगितलेला नसतो तो चौथ्या आठवड्यांत काय म्हणतो? "आलों तेव्हां बरा होतों, या शेकानें मला मारलें." गांठ तर आधींच काढलेली, दिसावयास रोग कोठेंच नाहीं, दिसतें तें केवळ उपचाराचें दुखणें. घरीं पीक उभें असतें, मुंबईचा खर्च वाढत असतो, कोणी हितचिंतक झाडपाल्याचें औषध सुचवितो. रोगी गांवीं निघून जातो. यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाहीं. अर्ध्या मात्रेनें ज्या पेशी मेल्या नाहींत त्या मधल्या खंडांत पुनः वाढूं लागतात, आणि हा कर्करोग तर खंडाचा फायदा फार त्वरेनें घेतो. पुढें राहिलेली मात्रा दिली तरी गमावलेलें सर्व परत मिळत नाहीं. एखादा दिवस यंत्र बिघडलें तरी वैद्य तो भरून काढण्याची खटपट करितात, यावरून खंडाची किंमत ध्यानांत यावी. त्रास वाढणें म्हणजे रोग वाढणें नव्हे, ही एक गोष्ट घरांतील एका तरी माणसानें पक्की मनांत धरावी आणि चौथ्या आठवड्यांत ती रोग्यास पुनः पुनः सांगावी. शाळेंत जाणारा मुलगासुद्धां हें करूं शकतो. बापाला तो दूरध्वनीवरून हें सांगेल तर त्याचें म्हणणें वैद्याच्या म्हणण्याहून अधिक ऐकलें जाण्याचा संभव आहे.

त्रास मुकाट्यानें सोसावा असा मात्र याचा अर्थ नाहीं. दर आठवड्यास वैद्य तपासतात व वजन करितात. तेव्हां सर्व सांगावें. वेदनेवर उत्तम औषधें आहेत, जरूर पडल्यास मॉर्फीनहि देतात, आणि अशा वेळीं त्याचें व्यसन लागेल ही भीति अनाठायीं आहे. गिळवेनासें झालें तर नाकांतून बारीक नळी घालून अन्न देतात. नळी पाहून नातलग रडतात. परंतु ती शेवटची अवस्था नसून कांहीं आठवड्यांची सोय आहे. वजन टिकविणें अगत्याचें आहे, कारण चेहरा उतरला कीं मुखवटा सैल होतो, आणि सैल मुखवट्यांत नेम चुकतो. मग नवा मुखवटा व नवी आंखणी करावी लागते. मऊ खिमट, मुगाचें वरण, दूध, अंडें, केळें, सत्त्व असलेलें जें गिळवेल तें थोडें थोडें पण वारंवार द्यावें. तिखट, मसाला, फार ऊन पदार्थ वर्ज्य. मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानें दिवसांतून अनेक वेळां चूळ भरावी. त्वचेवर हळद, चंदन, तेल, पावडर, अत्तर यांपैकीं कांहींहि वैद्यास विचारल्याशिवाय लावूं नये. सैल सुती कपडे वापरावे. कडक ऊन टाळावें. शरीरावर शाईच्या खुणा केल्या असतील तर त्या घांसून पुसूं नयेत. तंबाखू तर कायमचीच सोडली पाहिजे. धुरानें रक्तांतील प्राणवायु कमी होतो, आणि प्राणवायु कमी असलेल्या पेशी किरणांस सहजासहजीं दाद देत नाहींत. ज्यांच्या नांवावरून 'ग्रे' हें माप पडलें त्या लुई हॅरॉल्ड ग्रे यांनीं या प्राणवायूच्या परिणामाचाच मोठा अभ्यास केला होता.

इतर भागांच्या रोगांत अनुभव निराळा असतो, कारण किरणांचा परिणाम जेथें ते पडतात तेथेंच बहुतांशीं होतो. स्तनाच्या कर्करोगांत डोक्याचे केंस या उपचारानें जात नाहींत. ते जातात औषधांनीं. तेथें पूर्वीं पांच आठवडे देत, आतां पुष्कळ ठिकाणीं १५ मात्रांत, तीन आठवड्यांतच काम संपवितात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत बाहेरील किरणांबरोबर किरणोत्सर्गी गोळी नळीवाटे कांहीं मिनिटें आंत नेऊन परत काढून घेतात; जुलाब व लघवीस जळजळ हे तेथील त्रास. कमी वयाच्या रोग्यांस पुढें अपत्य होण्यासंबंधीं अडचण येऊं शकते. तो प्रश्न आरंभापूर्वींच वैद्यास विचारला पाहिजे, मग संकोच कितीहि असो. हाडांत पसरलेल्या रोगाच्या वेदनेवर मात्र ८ ग्रेची एकच मात्रा पुष्कळदां पुरते. तेथें रोग बरा करण्याचा हेतु नसतो. रात्रीं झोंप लागावी हा असतो, आणि तोहि लहान हेतु नव्हे.

घरांतील मुलांच्या मनांत असणारा प्रश्न आतां घेऊं, जो तीं सहसा विचारीत नाहींत : बाबा घरीं आले तर त्यांच्याजवळ बसावें कीं नाहीं? बाहेरून किरण दिलेल्या रोग्याच्या शरीरांत किरण साठून राहत नाहींत. दिवा मालविल्यावर खोलींत उजेड उरत नाहीं, तसेंच हें आहे. त्यांच्या मांडीवर बसावें, त्यांच्या ताटांत जेवावें. वेगळें ताट, वेगळा पेला, वेगळें अंथरूण यांचें कांहीं प्रयोजन नाहीं. कर्करोग स्पर्शानें लागत नाहीं. कंठग्रंथीच्या कर्करोगावर किरणोत्सर्गी आयोडीन पोटांत देतात, किंवा क्वचित् किरणोत्सर्गी कण शरीरांत ठेवितात, तेवढ्या प्रसंगीं कांहीं दिवस अंतर राखावयाचें असतें. आणि तें किती व केव्हांपर्यंत हें रुग्णालय स्वतःच सांगतें. ज्या घरांत रोग्याचें ताट निष्कारण वेगळें मांडतात तेथें त्यास रोगाहून त्या ताटाचेंच दुःख अधिक होत असलें पाहिजे.

सहा आठवडे राहावें कोठें व पैसा कोठून आणावा, ही पालकांची चिंता खरी आहे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय इ.स. १९४१ मध्यें सर दोराबजी टाटा न्यासानें उघडलें, तेव्हां या रोगासाठीं मुंबई गांठण्यावांचून गति नव्हती. आज पुणें, नागपूर, कोल्हापूर, नाशिक येथें आणि बार्शीसारख्या गांवींहि हा उपचार मिळतो. घराजवळच्या ठिकाणीं तो पुरा होत असेल तर मुंबईचा हट्ट धरूं नये. मुंबईस जावेंच लागलें तर दादर येथील गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा अशा रोग्यांचा व त्यांच्या सोबत्यांचा मोठा आधार आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत किरणोपचाराचाहि समावेश आहे. रुग्णालयांतील समाजसेवकास उपचार सुरू होण्यापूर्वींच भेटून कागदपत्रांची चौकशी करावी.

उपचारानंतर कांहीं गोष्टी कायमच्या राहण्याचा संभव असतो. तोंड कोरडें पडतें व पाण्याची बाटली सोबतीस येते. जबडा आंखडतो, म्हणून तो उघडण्याचा व्यायाम शिकवितात, आणि तो आळस न करितां वर्षानुवर्षें करावा लागतो. किरणांमुळेंच पुढें दहा-वीस वर्षांनीं दुसरा कर्करोग उद्भवण्याची शक्यताहि अल्प प्रमाणांत आहे. आजच्या रोगाचें संकट तिच्याहून फार मोठें असल्यामुळें ती पत्करावयाची असते. पहिली दोन वर्षें दर दोन-तीन महिन्यांनीं तपासणीस जावें लागतें, पुढें अंतर वाढत जातें. आणि दांतांविषयीं जें आरंभीं म्हटलें तें येथें पूर्ण करितों. किरण लागलेल्या जबड्याच्या हाडांत रक्ताचा पुरवठा कमी होतो, तेथील जखम भरत नाहीं व हाड सडूं शकतें. यास्तव पुढें दहा वर्षांनीं जरी दांत दुखला, तरी तो परस्पर काढून घेऊं नये. दंतवैद्यापुढें तोंड उघडण्यापूर्वीं आपणांस किरणोपचार झाला आहे हें त्यास सांगावें, आणि उपचाराचे कागद दाखवावे.